हॅश दाबा: हॅशटॅग कसा लिहावा, कुठे लावावा, कधी टाळावा

वाईजवळ राहणारी माझी मावशी गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्या, एखादं विरलेलं धोतर, वर ठिगळांची नक्षी आणि सगळ्यावरून हाताने घातलेला धावदोरा. गेल्या वर्षी तिने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. पहिल्या फोटोखाली, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या सल्ल्याने, तिने वीसेक हॅशटॅग लावले. त्यात 'लव्ह', 'इन्स्टागुड' आणि 'फॉलो फॉर फॉलो' होतं, 'मुंबई' होती (का, ते त्या मुलालाच ठाऊक), आणि सगळ्यात पुढे होतं '# गोधडी'. चार दिवसांनी तिचा फोन आला. "एवढी तोरणं बांधली रे दाराला, पाहुणे का येईनात?"

वीस टॅगांमधला एकच तिच्या कामाचा होता, आणि नेमका तोच चालत नव्हता, कारण हॅश आणि 'गोधडी' यांच्यामध्ये तिने एक जागा सोडली होती. त्या संध्याकाळी फोनवर तिला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो आहे.

आधी हे चिन्ह

दोन उभ्या, किंचित कललेल्या रेघा आणि दोन आडव्या. फुली-गोळ्याचा डाव मांडतो तशी चौकट. हे चिन्ह तुम्हाला आधी भेटलेलं आहे. गॅसच्या किंवा बँकेच्या नंबरवर फोन लावला की पलीकडची बाई म्हणते, "ग्राहक क्रमांक टाका आणि हॅश दाबा." तोच हा हॅश. टॅग म्हणजे चिठ्ठी, दुकानातल्या कपड्याला अडकवलेली असते तशी. हॅश लावून त्याला चिकटून शब्द लिहिला की तो शब्द निळा होतो, म्हणजे दाबता येतो. त्यावर बोट ठेवलं की तोच शब्द तशाच पद्धतीने लिहिणाऱ्या इतर लोकांचे फोटो, व्हिडिओ, मजकूर समोर येतात. त्यांतल्या कोणालाही तुम्ही ओळखत नसता, आणि गंमत तीच आहे. नेहमीची पोस्ट तुमच्या ओळखीच्यांकडे जाते. हॅशटॅग तिला अनोळखी माणसांच्या बैठकीत नेऊन बसवतो. कुठल्या बैठकीत, ते तुम्ही लिहिलेला शब्द ठरवतो.

ही युक्ती कोणा कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या खोल्यांमध्ये, म्हणजे १९८८ साली सुरू झालेल्या आयआरसीमध्ये, खोलीच्या नावाआधी हॅश लावायची पद्धत होती. ती आठवून क्रिस मेसिना नावाच्या अमेरिकन तरुणाने २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर एका ओळीत विचारलं, की गट ओळखण्यासाठी हॅश वापरला तर कसं? उदाहरण दिलं 'बारकॅम्प' या तंत्रज्ञांच्या मेळाव्याचं. ट्विटरच्या मंडळींना ते फार किचकट वाटलं, सामान्य माणूस असलं काही लिहिणार नाही असं त्यांचं मत पडलं. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या आसपास वणवे पेटले. तिथला नेट रिटर हा माणूस आगीच्या बातम्या ट्विटरवर देत होता. त्याने 'सॅनदिएगोफायर' हा शब्द हॅश लावून प्रत्येक बातमीला जोडला, लोकांनी तो उचलला, आणि आग कुठवर आली हे एका शब्दाखाली वाचता येऊ लागलं. ट्विटरने हॅशटॅग दाबण्याजोगा केला तो २००९ मध्ये, म्हणजे लोकांनी तो दोन वर्षं वापरून झाल्यावर. इन्स्टाग्राममध्ये तो २०११ ला आला, फेसबुकवर २०१३ ला. मेसिनाने याचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर मावशीला आज गोधडीवर हॅश लावायला परवानगी मागावी लागली असती.

पायरी पहिली: लावू नका, नुसतं बघा

नवखा माणूस इथेच चुकतो. टॅग सुचला की लावून मोकळा होतो. तसं करू नका. शोधाच्या चौकटीत हॅशसकट तुमचा शब्द टाका आणि पाच मिनिटं खाली खाली सरकत जा. लग्नाच्या हॉलमध्ये शिरण्याआधी आपण बाहेरचा फलक वाचतोच ना, नाहीतर भलत्यांच्या पंगतीत बसायची वेळ येते.

बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. तिथे अलीकडे कोणी काही टाकलं आहे का? शेवटची पोस्ट तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या बैठकीतले लोक उठून गेले. आणि तिथे बसलेले लोक तुमच्या विषयाचे आहेत का? आम्ही 'गोधडी' शोधलं तेव्हा शिवणाऱ्या बायका दिसल्या, बाळंतविड्यातल्या छोट्या गोधड्या दिसल्या, आणि 'आजीच्या गोधडीची ऊब' या विषयावरच्या कविता तर खच्चून भरलेल्या. कवितावाल्यांचं मला वावडं नाही, पण ते गोधडी विकत घेत नाहीत. मग मावशी म्हणाली, "आमच्याकडं वाकळ म्हणायचे की." 'वाकळ' शोधलं. तिथे गर्दी कमी होती, पण होते ते लोक पश्चिम महाराष्ट्रातले आणि हातशिलाईची कदर असलेले. एका वस्तूला तुमच्या भागात दुसरं नाव असेल तर तोही टॅग बघा. बोलीतला शब्द बऱ्याचदा छोटी पण आपली माणसं आणून देतो.

दुसरा फायदा असा की काही शब्दांना आधीच भलता अर्थ चिकटलेला असतो. साधा वाटणारा शब्द एखाद्या पक्षाच्या घोषणेचा, सिनेमाच्या जाहिरातीचा किंवा कोणाच्या तरी भांडणाचा टॅग असू शकतो. बघितल्याशिवाय कळत नाही.

पायरी दुसरी: मराठीत हॅशटॅग लिहिणं

इंग्रजीतले लेख हा भाग चार ओळींत उरकतात. आपल्याला ते परवडत नाही. हॅशटॅगची रचना रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झाली. सुरुवातीच्या काळात तर अनेक ठिकाणी काना-मात्रा आली की टॅग तिथेच तुटायचा, कारण मात्रा हे अक्षर आहे हे त्या प्रणालीला कळत नसे. आता देवनागरी टॅग मोठ्या ठिकाणी चालतो. तरी खाचखळगे आहेतच.

साधे नियम आधी. हॅश आणि शब्द यांच्यात जागा नको. टॅगच्या आतही जागा नको. जागा आली की टॅग संपला. '#जुनी गोधडी' लिहिलं तर टॅग होतो फक्त 'जुनी', आणि तुम्ही जाऊन बसता जुन्या मोटारी, जुनी नाणी आणि जुनी गाणी यांच्यात. जोडरेघ, स्वल्पविराम, टिंब यांनीही तो तुटतो. कोल्हापूरचा एक खानावळवाला '#तांबडा-पांढरा' लिहितो आणि त्याचा पांढरा रस्सा कायम टॅगच्या बाहेर राहतो. बहुतेक ठिकाणी नुसत्या आकड्यांचा टॅगही होत नाही, सोबत अक्षर लागतं. '#२७' चालणार नाही, '#२७फेब्रुवारी' चालेल. बोलून लिहीत असाल तर टाकण्याआधी एकदा बघा, फोन मध्येच जागा घालतो.

दोन शब्द जोडायचे तर कसे? रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून सोय होते. ती न केल्याने काय होतं, याचा प्रसिद्ध नमुना २०१३ चा. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर एप्रिलमध्ये वारल्या, तेव्हा 'नाऊ थॅचर्स डेड' असा टॅग सगळी लहान अक्षरं एकत्र चिकटवून फिरला: '#nowthatchersdead'. लोकांनी तो 'नाऊ दॅट शेर्स डेड' असा वाचला, आणि शेर ही गायिका गेली समजून तिचे चाहते हळहळले. ती धडधाकट होती.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच. त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडे रोजचा. प्रदर्शनाला सहा दिवस उरले म्हणून कोणी '#सहाराहिले' लिहितो आणि वाचणाऱ्याला सहारा हलताना दिसतो. मुलीने पहिल्यांदा आईपुढे गाणं म्हटलं, टॅग दिला '#आईसमोर', आणि मला क्षणभर बर्फाचा मोर दिसला. उपाय सोपा आहे: खालची रेघ. '#सहा_राहिले', '#आई_समोर'. ही रेघ टॅग तोडत नाही. शिवाय ज्यांना दिसत नाही आणि ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांनाही शब्द वेगवेगळे ऐकू येण्याची शक्यता वाढते. पण एक लक्षात घ्या: '#मराठीशाळा' आणि '#मराठी_शाळा' हे यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे टॅग. तुमच्या विषयात लोक कोणता वापरतात ते पहिल्या पायरीत बघितलंच असेल, तोच घ्या. स्वतः नवा टॅग घडवत असाल तर मात्र रेघ घालाच.

आता खरी मराठी अडचण, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपली विभक्ती शब्दाला चिकटते. इंग्रजी माणूस वाक्यातल्याच शब्दाला हॅश लावतो आणि काम होतं, कारण त्याचा 'इन' वेगळा उभा असतो. आपण '#पुण्यात पाऊस' लिहिलं की टॅग होतो 'पुण्यात'. 'पुणे' हा टॅग बघणाऱ्याला तुमचा पाऊस दिसत नाही. तसंच 'गोधडी', 'गोधड्या', 'गोधडीचं' हे तीन टॅग झाले. यंत्राला सामान्यरूप शिकवलेलं नाही. म्हणून मराठीत वाक्याच्या आत टॅग घालायची हौस टाळावी. वाक्य आपलं सरळ लिहा, आणि टॅग शेवटी, मूळ रूपात, एकवचनी. वाक्यात घालायचाच असेल तर शब्दच असा रचा की प्रत्यय लागणार नाही: 'आज #पुणे इथे पाऊस'. जरा सरकारी वाटतं खरं.

शुद्धलेखनाचं तर विचारू नका. एरवी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मास्तर रागावतात, एवढंच. इथे चुकलं तर तुम्ही दुसऱ्याच खोलीत जाता. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या दिवशी 'दिन'चा 'दीन' केलेले टॅग डोळ्यांना टोचतात. मराठी भाषेचा गौरव आणि तो दीन! मोठ्यांदा वाचून बघितलं तर कळत नाही, म्हणून लिहिलेलं वाचा. तशीच 'गोधडी' कोणाच्या लेखी 'गोदडी' असते.

शेवटची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. काही मराठी अक्षरं संगणकात दोन प्रकारे साठवता येतात. 'ॲ' हे एक अखंड अक्षर म्हणूनही टंकता येतं, आणि 'अ' वर चंद्र ठेवूनही. 'दऱ्या', 'पांढऱ्या' यांतला तो आडवा अर्धा र देखील दोन मार्गांनी येतो, तुमचा कळफलक कोणता यावर ते अवलंबून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राकडे नोंद निराळी, त्यामुळे शोधात ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही. संस्थेसाठी किंवा कार्यक्रमासाठी नवा टॅग ठरवताना ही अक्षरं नसलेला शब्द निवडा, किंवा टॅग एकदा लिहून तोच सगळ्यांना पाठवा आणि तिथूनच उचलायला सांगा. 'सह्याद्रीच्या दऱ्या' म्हणण्यापेक्षा 'सह्याद्री भटकंती' म्हणा, ताप वाचतो.

देवनागरीच घ्यावी की रोमन? ज्याला बोलवायचं आहे तो काय टंकतो, ते बघा. मराठी लेखन, कविता, बोली, शाळा यांसाठी देवनागरी. वस्तू विकायची असेल, किंवा वाचणारा बंगळुरूत, दुबईत, न्यू जर्सीत वाढलेला मराठी असेल, तर सोबत रोमनही. रोमनमध्ये 'गोधडी' तीन-चार प्रकारांनी लिहिली जाते, त्यातला सगळ्यात वापरातला एकच घ्या.

पायरी तिसरी: कोणते निवडायचे

मावशीसाठी आम्ही वहीत यादी केली. वस्तू काय आहे: गोधडी, वाकळ. कशी केली आहे: हातशिलाई. कुठली आहे: वाई, सातारा. बास. 'मुंबई' काढून टाकलं, कारण मुंबईची गोधडी म्हणून कोणी शोधत नाही. 'लव्ह' काढलं. ज्या टॅगखाली जगभरातून क्षणाक्षणाला काहीतरी ओतलं जातं, तिथे तुमचा फोटो दादरच्या फलाटावर सकाळी साडेनऊला हात वर करून उभं राहिल्यासारखा. 'फॉलो फॉर फॉलो' म्हणजे तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येतो. येतात, पण बघत नाहीत. मग तुमच्या पोस्ट कोणी उघडत नाही हे यंत्राच्याही लक्षात येतं.

नवीन माणसाला मी सांगतो, एक मोठा टॅग, दोन मध्यम, एक अगदी छोटा. छोटा म्हणजे असा की त्याखालची सगळी माणसं एका सतरंजीवर मावतील. सगळ्यात जास्त बोलणं त्या छोट्यातच होतं.

आणि खोटा टॅग लावू नका. आज क्रिकेटचा सामना आहे म्हणून गोधडीच्या फोटोला सामन्याचा टॅग लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मांडवात आपलं दुकान मांडणं.

पायरी चौथी: किती आणि कोणत्या जागी

हे नियम बदलत राहतात, म्हणून थोडक्यात. इन्स्टाग्रामवर अनेक वर्षं एका पोस्टला ३० टॅगची मुभा होती, आणि लोक ती शेवटच्या टॅगपर्यंत वापरत. पण २०२१ मध्ये खुद्द इन्स्टाग्रामनेच सांगितलं की तीन ते पाच पुरेत. जुने लेख 'हॅशटॅगला फॉलो करा' असं शिकवतात. ती सोय डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली, तेव्हा शोधत बसू नका. खातं खासगी ठेवलं असेल तर टॅग लावूनही अनोळखी माणसाला तुमची पोस्ट दिसत नाही. मावशीच्या एका मैत्रिणीचं वर्षभर हेच चाललं होतं.

फेसबुकवरही तसंच, पोस्ट 'फक्त मित्रांसाठी' असेल तर टॅगखाली ती मित्रांनाच दिसते. तिथे टॅगला फारसं वजन नाही, गटांना आहे. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, एक किंवा दोन. जास्त लावले की पोस्ट जाहिरातीसारखी दिसते. थ्रेड्स या इन्स्टाग्रामच्या भावंड-ॲपवर एका पोस्टला एकच, पण त्यात जागा सोडता येते, ही मराठीसाठी सोय. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात लिहा. तिथे साठाहून जास्त लावले तर यूट्यूब सगळेच सोडून देतं, चांगलेसुद्धा. टेलिग्रामवर टॅग दाबता येतो आणि मोठ्या गटात जुना निरोप शोधायला फार कामाला येतो: सोसायटीच्या गटात पाण्याच्या प्रत्येक निरोपाला '#पाणी' लावा, मे महिन्यात दुवा देतील. व्हॉट्सॲपच्या गप्पांत मात्र हॅशटॅग म्हणजे नुसती नक्षी, दाबून काही होत नाही. तरी आमच्या एका काकांच्या प्रत्येक सुप्रभातीखाली चार असतात.

जे टॅग कोणी शोधण्यासाठी नसतात

एवढं शिकून तुम्ही बाहेर पडाल आणि लगेच गोंधळाल, कारण अर्धे लोक टॅग असा वापरतच नाहीत. 'सकाळी पाचला उठून पर्वती चढून आलो. #खोटं_आहे' असं कोणी लिहितं. हा टॅग कोणी शोधणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. बोलताना आपण आवाज बदलतो, डोळा मारतो, कुजबुजतो. लिहिताना ते करायला हाताशी काही नसतं, म्हणून लोकांनी हॅशला त्या कामाला लावलं. नाटकातला नट प्रेक्षकांकडे तोंड वळवून एक वाक्य टाकतो, तसं हे. '#सहजच' लिहिणारा बहुधा सहज लिहीत नसतो. '#उगाच' म्हणजे कौतुक करा. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या लोकांना हा प्रकार शिकवावा लागत नाही. पाटीतली शेवटची खोचक ओळ होती, तिची जागा टॅगने घेतली एवढंच. फक्त दुकानाच्या पोस्टला असे टॅग लावू नका, आणि कोणाच्या निधनाच्या बातमीखाली तर चुकूनही नको.

गर्दीचे टॅग

इथे जरा सावकाश जाऊ या, कारण इथे टॅगमुळे माणसं खरोखर वाचतात आणि अडकतातही.

२९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पाण्यात गेली. लोकल बंद, लोक कार्यालयांत आणि रस्त्यांवर अडकलेले. त्या दिवशी 'मुंबई रेन्स' या टॅगखाली कुठे पाणी आहे ते कळत होतं, आणि 'रेन होस्ट्स' या टॅगखाली लोक आपापल्या घराचा भाग लिहून सांगत होते, की इथे या, रात्र काढा, चहा-जेवण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात आणि २०२१ च्या वसंतात कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन आणि खाटा शोधताना, टॅगांनी तेच काम केलं. त्याच वेळी त्याची दुसरी बाजूही दिसली. कालचा फोन नंबर आज पुन्हा फिरत होता, खाट केव्हाच भरलेली होती.

म्हणून संकटाच्या टॅगचे नियम कडक ठेवा. मदत मागत असाल तर ठिकाण, वेळ आणि तारीख मजकुरातच लिहा. मदत मिळाली की पोस्ट काढा किंवा वरच 'मदत मिळाली' असं लिहा. दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवताना आधी एक फोन करून खात्री करा. त्या टॅगवर विनोद टाकू नका, आणि 'देवा सगळ्यांना सुखी ठेव' हेही नको. भावना चांगली असते, पण त्या वेळी कोणी नाव शोधत त्या यादीतून खाली खाली सरकत असतो, आणि तुमची प्रार्थना वाटेत येते.

चळवळीचे टॅग वेगळे. 'मी टू' हे शब्द टराना बर्क यांनी २००६ पासून अत्याचार सोसलेल्या मुलींसोबत काम करताना वापरले होते. अभिनेत्री अलिसा मिलानो यांच्या १५ ऑक्टोबर २०१७ च्या ट्विटनंतर ते जगभर गेले, पुढच्या वर्षी भारतात त्यावर मोठी खळबळ झाली. टॅग एका रात्रीत पसरला, पण त्याच्या मागे अकरा वर्षं होती. आपल्याकडे 'एक मराठा लाख मराठा' २०१६ च्या मोर्चांत रस्त्यावर घुमलं आणि टॅग म्हणून फोनवरही फिरलं. २०१९ मध्ये आरेची झाडं तोडली जात होती तेव्हा आरे वाचवण्याचे टॅग मराठीतही होते, इंग्रजीतही. अशा टॅगमध्ये उतरण्याआधी तो कोणी सुरू केला आणि मागणी काय आहे, एवढं वाचा. चळवळीचा टॅग म्हणजे सही असते. नंतर 'मला वाटलं पर्यावरणाबद्दल आहे' म्हणता येत नाही.

'ट्रेंडिंग' शब्दाचाही उलगडा इथेच करतो. सगळ्यात जास्त वापरला गेलेला टॅग म्हणजे ट्रेंडिंग, असं नाही. अचानक किती वाढला, ते बघितलं जातं. 'मराठी' हा शब्द रोज वापरला जातो, म्हणून तो रोज यादीत दिसत नाही. गौरव दिनाला मात्र तेवढ्याच लोकांनी एका तासात नवा टॅग लावला तर तो वर येतो. हे राजकीय पक्षांना आणि चाहत्यांच्या मंडळांना तुमच्या-माझ्याआधी कळलं. म्हणून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, 'आज संध्याकाळी बरोब्बर सहाला सगळ्यांनी हा टॅग चालवायचा', सोबत तयार मजकूर. पुढे एकाच चुकीच्या काना-मात्रेसकट तो मजकूर शेकडो खात्यांवर दिसतो. अशा यादीत वर दिसणारं सगळं जनमत आहे असं समजू नका. असा निरोप आला तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पुसून टाकतो.

आपला टॅग लोकांच्या हाती गेल्यावर तो आपला राहत नाही, हेही माहीत असू द्या. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी एप्रिल २०१४ मध्ये नागरिकांना आवाहन केलं, की आमच्यासोबतचे फोटो आमच्या नावाचा टॅग लावून टाका. लोकांनी टाकले: लाठ्या उगारलेले, माणसांना जमिनीवर दाबून धरलेले पोलीस. मंडळाच्या किंवा दुकानाच्या नावाने 'तुमचा अनुभव सांगा' असा टॅग काढण्याआधी, तुमच्यावर रागावलेलं गिऱ्हाईक तिथे काय लिहील याची कल्पना करून बघा.

चांगल्या बाजूला, २०१६ च्या जानेवारीत ट्विटरवर मराठी भाषा संमेलन भरलं होतं, '#ट्विटरसंमेलन' या टॅगखाली. मंडप नाही, अध्यक्ष नाहीत, मानापमान नाहीत. कविता, भटकंती, बोली असे निरनिराळे टॅग म्हणजे निरनिराळी दालनं. मराठी टॅग कसा चालतो ते मला तरी तिथे कळलं.

लावू नयेत असे

मुलांच्या फोटोला शाळेचं नाव, इयत्ता, सोसायटीचं नाव यांचा टॅग नको. नातेवाइकांना तो लागत नाही आणि परक्याला सगळा पत्ता मिळतो. गावाला गेला आहात तर 'आठवडाभर कोकणात' असा टॅग परत आल्यावर लावा. काही टॅग इन्स्टाग्राम स्वतःच दडवून ठेवतं, कारण त्याखाली घाण साचलेली असते. दाबल्यावर काहीच दिसत नसेल किंवा सूचना येत असेल तर तो सोडा. आणि दुसऱ्या एखाद्या छोट्या विक्रेतीने स्वतःच्या नावाने घडवलेला टॅग आपल्या मालाला लावू नका, तो चोरीतच जमा.

चूक झाली तर काही बिघडत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवर मजकूर नंतर बदलता येतो, जुन्या पोस्टचे टॅगही दुरुस्त करता येतात. मावशीने एका रविवारी दुपारी बसून तेरा फोटोंखालची तोरणं उतरवली. आता प्रत्येकाखाली पाचच टॅग असतात. पाचवा कोणता ठेवायचा यावर आमचं अजून एकमत नाही. तिला '#गोदडी' हवा आहे, कारण तिची आई तसंच म्हणायची. मी म्हणतो, तो कोणी शोधत नाही. मागच्या आठवड्यात बार्शीच्या एका बाईंनी त्या टॅगवरून येऊन दोन नगांची मागणी दिली. त्यानंतर मावशीने मला फोन केला नाही, नुसता त्या संदेशाचा फोटो पाठवला. खाली एक टॅग होता: '#सहजच'.